रुळांखालचं जंगल

आम्हा नगरकरांना म्युझियम म्हटलं की एकच आठवतं, रणगाड्यांचं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडातलं 'नगर' काही जात नाही.) पाहुणे आले की भुईकोट किल्ला, चांदबिबीचा महाल (जो खरं तर सलाबतखानाची कबर आहे) आणि टँक म्युझियम, झाली सहल! १९९४ साली सुरू झालेल्या या म्युझियममध्ये मोकळ्या आवारात रांगेने रणगाडे उभे आहेत. पाकिस्तानकडून पकडलेला पॅटन आहे, रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे. उघड्यावरच्या म्युझियमचं मला आवडतं ते हे की वस्तूच्या भोवती फिरता येतं, खाली वाकून चाकं बघता येतात. काचेच्या कपाटातल्या नाण्यांसमोर दोन मिनिटांत जांभई येते, इथे दोन तास सहज जातात.

रेल्वेचं असं म्युझियम मात्र नगरला नाही, आणि जंगलाचं तर नाहीच. इंग्लंड-अमेरिकेत दोन्ही एकत्र दाखवणारी म्युझियम्स असतात म्हणे. जंगलातून लाकूड ओढून आणणारी छोटी इंजिनं, करवतीच्या गिरण्या, ओंडके उचलायच्या क्रेन, सगळं एकाच आवारात. आपल्याकडे त्याच्या त्यातल्या त्यात जवळ जाणारी जागा म्हणजे नागपूरचं नॅरोगेज रेल म्युझियम. प्रोजेक्टच्या निमित्ताने काही दिवस नागपूरला होतो, तेव्हा एका रविवारी तिथे जाऊन आलो. नागपूर बघून डोक्यात जे सुरू झालं ते शेवटी नगरलाच येऊन थांबलं, म्हणून ही पोस्ट. जरा लांबलीय, चहा घेऊन बसा :-)

हे म्युझियम नागपूरच्या मोतीबाग भागात आहे, १४ डिसेंबर २००२ला सुरू झालेलं. जुनं बंगाल-नागपूर रेल्वेचं राज्य हे. इथून निघणाऱ्या गाड्या अडीच फुटी रुळांवरून (म्हणजे ७६२ मिलीमीटर) छिंदवाडा, नैनपूर, नागभीड, गोंदिया अशा सगळ्या जंगलपट्ट्यात फिरायच्या. सातपुड्यात ब्रॉडगेज टाकणं महाग. नॅरोगेजला वळणं घट्ट घेता येतात, कापावं-भरावं कमी लागतं, इंजिन हलकं, पूल हलके. माणसांबरोबरच सागवान, बांबू, धान्य आणि मँगनीज या गाड्यांनी वाहिलं. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज २०१५मध्ये बंद झाली, नागपूर-नागभीड २०१९मध्ये. म्हणजे आता ती बघायची तर म्युझियममध्येच.

आवारात वाफेची इंजिनं आहेत, डबे आहेत, मुलांसाठी टॉय ट्रेन आहे. इंजिनासमोर फोटो काढायला गर्दी. साहजिक आहे, वाफेचं इंजिन दिसतंच तसं. मी पण काढला. मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला आणि नजर खाली गेली. इंजिन रुळावर, रूळ स्लीपरवर, स्लीपर खडीवर. इंजिनाला नंबर असतो, बनवणाऱ्या कंपनीची पाटी असते. स्लीपरला काय असतं? खिळ्यांची भोकं. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळं कौतुक फ्रंटएंडचं, आणि बॅकएंड खाली गुपचूप भार झेलतोय.

पण हिशोब करून बघितला तर हे बॅकएंड केवढं अवाढव्य होतं ते कळतं. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर म्हणजे साधारण पावणेतीन मीटर लांब, २५ सेंटीमीटर रुंद आणि १३ सेंटीमीटर जाड ठोकळा. सागाचा असला तर वजन पन्नास-साठ किलो, सालाचा त्याहून जास्त. एका मैलाला असे १७६० ते २००० स्लीपर लागायचे. पहिली गाडी बोरीबंदर ते ठाणे धावली १६ एप्रिल १८५३ला, फक्त ३४ किलोमीटर. १८८० उजाडेपर्यंत हिंदुस्थानात सुमारे ९००० मैल रेल्वे झाली होती. म्हणजे गुणाकार केला तर दीड-पावणेदोन कोटी ठोकळे! शिवाय एकदा टाकून काम संपत नाही. आपला पाऊस, आपलं ऊन आणि आपली वाळवी. लाकूड चांगलं असलं तरी दहा-पंधरा वर्षांनी बदलायचं, हलकं असेल तर त्याच्या आधीच. बारा वर्षांची सरासरी धरली तरी निव्वळ मेंटेनन्सला वर्षाला १४ लाख. आता सगळे स्लीपर लाकडी नव्हते, बरेच बिडाचे होते, काही पाईनचे बोटीने युरोपातून यायचे, आणि मीटरगेजचे आकाराने लहान असायचे. त्यामुळे हा आकडा वरच्या बाजूचा समजा. पण आवाका लक्षात येतो.

गंमत म्हणजे वाटेल ते झाड चालत नाही. उपचार न करता टिकणारी लाकडं मुख्यतः तीन: साग, साल आणि देवदार. साग आपल्याकडे आणि ब्रह्मदेशात, साल मध्य भारतापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, देवदार हिमालयात. ठेकेदार जंगलात शिरले आणि सोयीचं दिसेल ते तोडत सुटले. उभं झाड पाडून त्यातला सरळ भाग घ्यायचा, बाकीचं तिथेच कुजायला टाकायचं. दहा-वीस वर्षांत सरकारच्याच लक्षात आलं की असं चाललं तर रूळ टाकायला लाकूड उरणार नाही.

म्हणून आलं जंगल खातं. लॉर्ड डलहौसीने १८५५मध्ये जंगल धोरणाचा खलिता काढला. (रेल्वेचा मोठा आराखडा मांडणारा डलहौसी आणि हा डलहौसी एकच, हे विसरू नका.) १८६४ला डिट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला जंगल महानिरीक्षक झाला. त्याआधी तो ब्रह्मदेशातली सागाची जंगलं सांभाळत होता. १८६५ला पहिला जंगल कायदा झाला. तो लेचापेचा वाटला म्हणून १८७८ला दुसरा, चांगला दणकट. त्याच वर्षी डेहराडूनला फॉरेस्ट स्कूल सुरू झालं.

१८७८. हे साल वाचलं आणि मी थबकलो. कारण आमच्या नगरची रेल्वे १८७८चीच!

आता नागपूर सोडून जरा नगरला या. दौंड-मनमाड लाईन ही पुणे-सोलापूर आणि मुंबई-भुसावळ या दोन मोठ्या लाईनींना मधे जोडणारी, साधारण २३५ किलोमीटरची. तुमच्यापैकी जे कोणी पुण्याहून उत्तरेकडच्या गाडीने गेले असतील ते झोपेत का होईना या लाईनवरून गेलेत. दौंड सोडलं की भीमा, मग विसापूर, नगर, राहुरीजवळ मुळा, पुढे प्रवरा, बेलापूर (म्हणजे श्रीरामपूर, नवी मुंबईवालं नव्हे), पुणतांबा, गोदावरी, कोपरगाव, येवला, अंकाई आणि मनमाड. सरकारने स्वतःच्या पैशाने बांधलेली 'धोंड अँड मनमाड स्टेट रेल्वे' असं तिचं मूळ नाव.

आणि ती बांधली कधी, तर १८७६-७८च्या दुष्काळात. आधीच १८७५ला पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या, ज्याला आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून शाळेत दोन मार्कांसाठी शिकलो. त्यावर लगेच पाऊस गेला. पोटासाठी लोक दुष्काळी कामांवर आले आणि या लाईनीच्या मातीकामावर दुष्काळी मजूर लागले. भराव टाकणं, खोदणं, पाटीने माती वाहणं. बायका, म्हातारे, पोरं सगळी.

मजुरी किती? रिचर्ड टेंपल या साहेबाला दुष्काळाचा खर्च आटोक्यात ठेवायला पाठवलं होतं. १८७७च्या सुरुवातीला त्याने हिशोब लावला की गड्याला दिवसाला एक रतल धान्य (म्हणजे साधारण ४५० ग्रॅम) आणि वर एक आणा पुरे. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला अर्धा किलोही धान्य नाही! मुंबई इलाख्यात मजुरांनी याविरुद्ध कामं सोडली, अक्षरशः उपाशीपोटी संप केला. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने सरकारशी भांडली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांची ती संस्था. टेंपल साहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले ते वेगळंच.

तर अशी ही लाईन १८७८ला सुरू झाली. मगाचचंच गणित तिला लावलं तर अडीच ते तीन लाख स्लीपर. सगळे लाकडी धरले आणि एका चांगल्या वाढलेल्या झाडातून पाच-सात निघाले असं मानलं, तर पन्नास हजाराच्या आसपास झाडं. फक्त दौंड ते मनमाड.

ज्यांनी भराव टाकला तेच लोक घरी परतले तेव्हा डोंगराचं काय झालं होतं? १८७८च्या कायद्याने जंगलाचे तीन प्रकार केले: राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. राखीव म्हणजे सरकारचं, तिथे गावाचा जुना हक्क नोंदीत सिद्ध झाला नाही तर संपला. त्याआधी डोंगर कोणाचा असा प्रश्न गावाला फारसा पडलाच नव्हता. जळण आणायचं, गुरं चारायची, औताला लाकूड तोडायचं, मध, हिरडा, कंद गोळा करायचे. अकोल्यासारख्या सह्याद्रीतल्या भागात तर शेतीच डोंगरावर अवलंबून. भाताचं रोप करायच्या आधी त्या जागेवर फांद्या-पालापाचोळा पसरून जाळायचा, म्हणजे राब करायचा. फांदी तोडायला बंदी आली की भात अडला. पठारावर मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांचंही तेच. कुरणात मेंढरू शिरलं की दंड, नाहीतर गुरं कोंडवाड्यात. दुष्काळात जगायला शेवटचा आधार डोंगराचा असतो, आणि दुष्काळ संपता संपता तोच हातातून गेला.

हे मी आजच्या चष्म्यातून बघतोय असं वाटत असेल तर महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' काढून बघा. १८८३ला लिहिलेलं हे पुस्तक. त्यात त्यांनी जंगल खात्याला सोडलेलं नाही. डोंगर, दऱ्या, कुरणं सगळी सरकारने घशात घातली, आता गरिबाच्या शेळ्या-गुरांना चरायला जागा कुठली, हा त्यांचा सवाल आहे. कायदा होऊन पाचच वर्षं झाली होती.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर एकतर्फी होईल. कायदा नसता तर ठेकेदारांनी उरलंसुरलं जंगलही संपवलं असतं, हे खरं आहे. आज सातपुड्यात आणि चंद्रपूर-गडचिरोलीत जी झाडी दिसते, तिच्यात त्या खात्याचा वाटा आहेच. खुद्द ब्रँडिसला गावांना त्यांची जंगलं द्यावीत असं वाटत होतं. पण खात्यात बेडन-पॉवेल नावाच्या अधिकाऱ्याचा गट भारी पडला. (स्काउटवाल्या बेडन-पॉवेलचा हा सावत्र भाऊ.) त्यांचं म्हणणं, जंगल सरकारचंच, लोकांना देऊ ती मेहरबानी. ग्रामवनाचं कलम कायद्यात राहिलं खरं, पण ते वापरलं गेलं नावापुरतंच. आपण कोडमध्ये एखादं फंक्शन लिहून ठेवतो आणि ते कधी कॉलच होत नाही, तसं.

त्याचा राग साठत गेला. १९३०ला गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला तेव्हा देशावरच्या लोकांना प्रश्न पडला, आपल्याकडे समुद्र कुठाय? मग जंगल सत्याग्रह झाले. राखीव कुरणातलं गवत कापायचं आणि अटक करून घ्यायची. पुसद, बिळाशी, चिरनेर ही नावं ऐकलेली असतील. त्याच यादीत आमच्या जिल्ह्यातलं संगमनेर आहे. चिरनेरला तर गोळीबारात माणसं गेली. गवताच्या पेंढीसाठी एवढं का, असा प्रश्न आपल्याला पडतो कारण आपलं दूध पिशवीतून येतं.

लाकडी स्लीपरचं पुढे काय झालं? विसाव्या शतकात क्रिओसोट पाजून हलकी लाकडं टिकवायला लागले, लोखंडी स्लीपर वाढले, आणि १९७०-८०च्या दशकांपासून काँक्रीटचे स्लीपर आले. काढलेले लाकडी स्लीपर लिलावात गेले. पुण्यातल्या कॅफेमध्ये तुम्ही अशा जाडजूड, भोकं पडलेल्या टेबलावर कॉफी प्यायली असेल. 'रिक्लेम्ड वूड' म्हणून त्याचे वेगळे पैसे लावतात! पुढच्या वेळी त्या भोकात बोट घालून बघा, रुळाचा खिळा तिथे होता.

आता शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. नगर शहरापासून जवळच हिवरे बाजार आहे. गाव सगळ्यांना माहिती आहे, पोपटराव पवार १९८९ला सरपंच झाले तिथपासूनची गोष्ट पाठ्यपुस्तकासारखी सांगितली जाते. त्याआधी गावाभोवतीचे डोंगर बोडके होते. जंगल खात्याचा कायदा त्या डोंगरांनाही लागूच होता, आणि शंभर वर्षं लागू असूनही झाड राहिलं नव्हतं. मग गावाने ग्रामसभेत स्वतःचे नियम केले. त्यातले दोन म्हणजे कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी.

जरा थांबून बघा. झाड तोडायचं नाही, जनावर सोडायचं नाही. नियम तोच, १८७८चा! पण या वेळी डोंगर हिरवा झाला. फरक एवढाच की गवत कापून न्यायचा हक्क गावाकडे होता, वाढलेल्या गवताचा आणि जिरलेल्या पाण्याचा फायदा गावालाच मिळणार होता, आणि राखणही गावच करत होतं. ब्रँडिसच्या कायद्यातलं ते न वापरलेलं कलम नगरच्या एका खेड्याने वेगळ्या नावाने वापरून दाखवलं. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तोही याच रस्त्यावरचा पुढचा टप्पा.

हिवरे बाजारचं उदाहरण सगळीकडे चालेल असं मी म्हणत नाही. गाव लहान, नेतृत्व चांगलं, अनेक गोष्टी जुळून आल्या. पण तोडणारे लोक अडाणी आणि राखणारं सरकार शहाणं, ही जी आपल्या डोक्यात बसलेली गोष्ट आहे ती या जिल्ह्यापुरती तरी तपासून बघायला हरकत नाही. पन्नास हजार झाडांच्या हिशोबाची रेल्वे गावाने मागितली नव्हती, तिच्यासाठी माती मात्र वाहिली होती.

आज नगर स्टेशनवरून नवी लाईन निघते. आष्टीपर्यंतचा ६६ किलोमीटरचा तुकडा सप्टेंबर २०२२मध्ये सुरू झाला आणि १७ सप्टेंबर २०२५ला गाडी बीडला पोचली. मराठवाड्यातल्या लोकांनी या गाडीची किती वर्षं वाट बघितली हे बीडच्या मित्राला विचारा, तो अर्धा तास बोलेल. रेल्वे हवीच, त्यात वाद नाही. नव्या लाईनीला स्लीपर काँक्रीटचे आहेत, झाडं लागली नाहीत.

माझं एक छोटंसं मागणं आहे. नगरला कधी रेल्वेचं म्युझियम झालं (व्हायला हवं, १८७८ची लाईन आहे, जुनं सामान कुठेतरी गोदामात पडलेलं असणारच) तर इंजिन ठेवा, सिग्नल ठेवा, आणि दारात एक लाकडी स्लीपर आडवा टाकून ठेवा. शेजारी मातीची एक पाटी आणि तराजूत एक रतल धान्य. पोरांनी हात लावून बघावं, तो स्लीपर उचलायचा प्रयत्न करावा. एकट्याला उचलत नाही.